मांडवातलं वाक्य मोबाईलवर येतं तेव्हा

शिरूर कासारच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय.

सप्ताह बसला की आपल्याकडे घराघरांतून भाकरी गोळा होतात, मांडव भरतो. कीर्तनकार आपल्या बोलीत बोलतात, कोपरखळ्या मारतात, आपण पदर तोंडाला लावून हसतो. पूर्वी ते बोलणं मांडवातच राहायचं. महाराज जास्तच बोलले, तर एखादी म्हातारी पाया पडता पडता सुनवायची. विषय तिथंच संपायचा.

आता मांडवात मोबाईल असतो. इंदुरीकर महाराजांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. सम तिथीला संग झाला तर मुलगा, विषम तिथीला झाला तर मुलगी, अशा अर्थाचं त्यांचं कीर्तनातलं बोलणं २०२० च्या फेब्रुवारीत मोबाईलवर फिरलं. त्यांनी पत्र काढून दिलगिरी व्यक्त केली. तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली संगमनेरच्या कोर्टात खटला गेलाच. २०२१ मध्ये सत्र न्यायालयानं तो रद्द केला, २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पुन्हा उभा केला.

त्यांना मानणारे म्हणाले, दारूवर, लग्नातल्या उधळपट्टीवर महाराज इतकं बोलतात, त्यातलं एकच वाक्य काय धरून बसता? यात थोडं तथ्य आहे. तुकडा कापून फिरवला की बोलण्याचा अर्थ बदलतो, आणि राग येईल असाच तुकडा जास्त फिरतो. चिडलेला माणूस तो दहा जणांना पाठवतो, खूश झालेलाही पाठवतो. दोघांमुळं बघणारे वाढतात, आणि बघणारे वाढले की व्हिडिओ टाकणाऱ्याला पैसे मिळतात.

पण हे वाक्य पुढचं-मागचं सगळं ऐकलं तरी खरं ठरत नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. तिथीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, आणि बाईचा तर त्यात दोषच नाही. मांडवात ते हसण्यावारी गेलं असेल. तेच मोबाईलवर दोन मुलींच्या आईनं ऐकलं, तिच्या सासूनंही ऐकलं. त्या घरात त्याचा विनोद राहत नाही, तिला टोमणा मारायला आधार मिळतो.

आपण बीडच्या बाया आहोत. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये उरल्या ८०७, राज्यात सगळ्यांत कमी. त्यामुळं अशा बोलण्यावर वाद झाला तर आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की तो वाद महाराज चांगले की वाईट एवढ्यावरच अडकला. आपल्या गटाच्या ग्रुपवरही दोन्ही बाजूंचे व्हिडिओ येत राहिले. दोन मुलींच्या आईला कुणी विचारलंच नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आशाताईंना बोलावलंय. बीजाचं, मुलगा-मुलीचं त्या चित्र काढून समजावतील. येताना सासूबाईंनाही घेऊन या.