घटनेतला आपला वाटा



भारतात घटनादुरुस्ती संसद करते. काही कलमांना निम्म्या राज्यांची संमतीही लागते. नेदरलँड्समध्ये मात्र दुरुस्ती दोनदा मंजूर व्हावी लागते. मध्ये कनिष्ठ सभागृहाची निवडणूक होते आणि दुसऱ्या खेपेला दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे मतदारालाही विचारलं जातं.

१९८३ च्या मोठ्या घटनादुरुस्तीने परदेशी नागरिकांना नगरपालिकेचा मताधिकार देण्याची वाट मोकळी झाली. १९८६ साली त्यांनी देशभर मतदान केलं. म्हणूनच इथे सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेला भारतीय पासपोर्टवालाही डीमनच्या नगरपालिकेसाठी मत देऊ शकतो. संसदेसाठी नाही, हे खरं. पण वाचनालय, पार्किंग, खेळाची मैदानं यांचे निर्णय नगरपालिकेतच होतात. तेव्हा मतदानाची चिठ्ठी घरी आली, की जाहिरातींबरोबर रद्दीत टाकू नका!