चल आणि अचल

एके काळीं पश्चिम खानदेशांत असलेल्या आणि १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडणाऱ्या शहादे तालुक्यांत ब्राह्मणपुरी हें गांव आहे. या मुलखांत पपईच्या तोडणीचे दिवस आले म्हणजे शेताच्या बांधावर एक वही हटकून दिसते. तींत वजन, भाव, मजुरी आणि उचल यांचे आंकडे असतात. त्यांपैकीं कांहीं आंकडे घटकेघटकेस बदलतात. गाडी भरत जाते तसें वजन वाढतें; मजूर उचल घेतो तसें त्याचें येणें घटतें. परंतु बांधावर उभें राहून जो भाव ठरला, तो गाडी भरल्यावर उतरला तर त्यास कोणी नुसता बदल म्हणत नाहीं. त्यास गांवांत दुसरेंच नांव आहे.

मोबाईलवरील ॲप ज्या भाषांत लिहितात, त्यांचा पहिला धडा नेमका याच भेदाचा असतो. बदलणाऱ्या राशीस चल म्हणावें, न बदलणाऱ्या राशीस अचल. ॲपल कंपनीनें २०१४ सालीं ‘स्विफ्ट’ नांवाची भाषा प्रसिद्ध केली व पुढच्याच वर्षीं तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला. या भाषेंत अचल सांगावयाचा तर आरंभीं ‘लेट’ हा शब्द लिहितात, चल सांगावयाचा तर ‘व्हार’. मग राशीचें नांव, मग बरोबरीचें चिन्ह आणि शेवटीं किंमत. अँड्रॉईड फोनांसाठीं जी ‘कोटलिन’ भाषा पुष्कळ वापरतात, तींत ‘लेट’च्या जागीं ‘व्हॅल’ येतो. बाकी विचार तोच.

समजा, ब्राह्मणपुरीच्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी वडिलांच्या वहीचें ॲप करावयास बसली. तिनें ‘लेट भाव = १२’ आणि ‘व्हार वजन = ०’ अशा दोन ओळी लिहिल्या. हे दोन आरंभशब्द इंग्रजी लिपींत, तेही लहान अक्षरांतच हवेत, आणि आंकडेही इंग्रजी वळणाचे हवेत. परंतु ‘भाव’ आणि ‘वजन’ हीं नांवें देवनागरींत लिहिलीं तरी स्विफ्टला चालतात. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलीस ही सवलत थोडी नव्हे. इंग्रजी चांगलें आल्यावांचून या विद्येच्या दाराशींही जातां येत नाहीं, हा समज निदान पहिल्या धड्यापुरता तरी खोटा आहे.

पुढें तिनें लिहिलें: ‘वजन = वजन + ४०’. बीजगणित शिकलेल्या माणसास ही ओळ वेडगळ वाटेल, कारण कोणतीही राशि स्वतःहून चाळीसनें मोठी असूं शकत नाहीं. येथें पुष्कळांचा पाय अडखळतो, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. स्विफ्टमध्यें हें चिन्ह बरोबरी सांगत नसून आज्ञा करतें: उजवीकडचा हिशेब करून जें येईल तें डावीकडच्या नांवाखालीं ठेव. दोन राशी समान आहेत काय असें विचारावयाचें असल्यास तेंच चिन्ह दोनदां जोडून लिहितात. शिवाय या चिन्हाच्या एका अंगास मोकळी जागा सोडून दुसऱ्या अंगास सोडली नाहीं, तर ती ओळ नापास होते. शुद्धलेखनाचा एवढा कडक परीक्षक शाळेंतही क्वचितच भेटतो.

राशीस नांव देण्याची ही रीत खानदेशास नवी नाहीं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांच्या बीजगणितांत अव्यक्त राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें आहेत. पहिलें सोडल्यास तीं रंगांचीं आहेत. ज्ञात संख्येस ‘रूप’ म्हणत व ‘रू’ या अक्षरानें ती दाखवीत. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. आचार्यांची अव्यक्त राशि अज्ञात असते व उत्तर येतांच ती कायमची उघड होते. स्विफ्टमधील चल प्रत्येक क्षणीं ज्ञात असून केवळ बदलता असतो.

राशीची जातही तितकीच महत्त्वाची. पूर्णांक, अपूर्णांक आणि अक्षरें यांची स्विफ्ट सरमिसळ होऊं देत नाहीं. वजनाच्या जागीं अवतरणचिन्हांतला ‘चाळीस’ हा शब्द घातला तर तो परत येतो. पण याच ठिकाणीं एक मोठा धोका आहे. सात क्विंटल माल दोघां भावांत वांटावयाचा, आणि दोन्ही राशी पूर्णांक, तर यंत्र प्रत्येकाच्या वांट्यास तीनच क्विंटल देतें. उरलेला क्विंटल कोठें गेला याची तक्रारही करीत नाहीं. अपूर्णांक घ्यावेत तर त्यांचीही खोड आहे: यंत्र द्विमान पद्धतीनें मोजतें, त्यामुळें ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ हून किंचित् अधिक निघते. म्हणून जाणते लोक रुपयांचा हिशेब पैशांत करतात व पूर्णांकच ठेवतात.

आतां त्या मुलीनें गंमत म्हणून शेवटीं ‘भाव = १०’ अशी ओळ घातली. लिहिलेला मजकूर यंत्राच्या बोलींत उतरविणारा जो कंपायलर, त्यानें ती तेथेंच अडविली: भाव अचल आहे, त्यास नवी किंमत देतां येणार नाहीं. उलट तिनें प्रथम ‘व्हार भाव’ लिहिलें असतें आणि पुढें भाव कोठेंच बदलला नसता, तर हाच कंपायलर सूचना करता कीं ही राशि कधीं बदलत नाहीं, हिला ‘लेट’ करा. बदलण्याची मोकळीक जेथें लागत नाहीं तेथें ती देऊं नये, असा या भाषेचा कल आहे, आणि तो रास्त आहे.

वडिलांनीं विचारलें, “मग व्यापाऱ्यास आतां भाव पाडतां येणार नाहीं ना?” मुलीस हंसूं आलें. ‘लेट’चा अंमल तिच्या मजकुरापुरता; ती स्वतः पहिल्या ओळींतला बारा पुसून दहा लिहूं शकते, आणि मग कंपायलर ब्र काढणार नाहीं. तेव्हां वडिलांनीं तिला भावाच्या ओळीपुढें ठरल्याची तारीख लिहावयास सांगितली. त्यासाठीं दोन तिरक्या रेघा देऊन टीप लिहिण्याची सोय स्विफ्टमध्यें आहे; ती टीप यंत्र वाचीत नाहीं, माणसें वाचतात. मुलीनें तारीख लिहिली, आणि वहींत वडिलांनीं त्याच तारखेपुढें व्यापाऱ्याची सही घेऊन ठेवली.