तिने किती दारे ठोठवायची?



मार खाल्लेली स्त्री घराबाहेर पडते, तेव्हा तिच्यापुढे पहिला प्रश्न असतो, 'जायचे कुठे?' माहेर एसटीने चार तासांवर. पोलीस ठाण्यात गेले, तर घरचे भांडण घरीच मिटवा, असे ऐकावे लागण्याची धास्ती. दवाखान्यात जखमेला टाके पडतात. पण जखम झाली कशी, हे कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी शेजारी नवराच उभा असतो. तालुक्याच्या कचेरीत संबंधित साहेब दौऱ्यावर असतात. न्यायालयाची पायरी तिने कधी चढलेली नसते. प्रत्येक दारात तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते आणि प्रत्येक दारात थोडा धीर खर्च होतो. तिसऱ्या-चौथ्या दारापाशी तो संपतो. मुले शाळेतून यायची वेळ होते आणि ती पुन्हा त्याच घराची वाट धरते.

या परतण्याला समाज 'समजूतदारपणा' असे गोंडस नाव देतो. वास्तव काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी देशभरात २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे दर चार घरांमागे एक असे आहे. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे. देशात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणापाशी त्याचा उच्चारही केला नाही. जिथे सांगण्यातच धीर संपतो, तिथे मौन स्वाभाविक ठरते.

कायदा आहे, सांधा निखळलेला

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. या कायद्याची दृष्टी व्यापक आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार आणि आर्थिक कोंडी यांनाही तो हिंसा मानतो. संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य आणि मुलांचा ताबा यांविषयीचे आदेश एकाच न्यायदंडाधिकाऱ्याकडून मिळण्याची सोय त्यात आहे. पहिली सुनावणी सामान्यतः ३ दिवसांत ठेवावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे तो सांगतो. संरक्षणाच्या आदेशाचा भंग हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा संबंध काय?' हा सुशिक्षित घरांतही ऐकू येणारा प्रश्न. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामाईक कौटुंबिक निवास ठरू शकते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०च्या निकालात त्याचे उत्तर दिले आहे.

याच कायद्याचे ११वे कलम फारसे वाचले जात नाही. विधी, गृह, आरोग्य आणि मनुष्यबळ विकास या खात्यांच्या सेवांमध्ये परिणामकारक समन्वय राखणे आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेणे, हे शासनाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. म्हणजे समन्वय ही कुणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. तो कायद्याचा भाग आहे. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे संरक्षण अधिकारी. कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहिणे, तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे पोचवणे, वैद्यकीय मदत, निवारा आणि मोफत विधी साहाय्य मिळवून देणे, ही त्याची कामे. परंतु अनेक ठिकाणी हे पद अन्य कामांनी आधीच वाकलेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून आले. कायदा लागू होऊन १८ वर्षे उलटल्यावर, मे २०२५मध्ये, जिल्हा व तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातील अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना द्यावा लागला. सांधा कुठे निखळला आहे, हे यावरून कळते.

पालिकेच्या रुग्णालयातील दिलासा

हा सांधा जुळू शकतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९८४मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीला तिथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, ही त्यामागील कल्पना. पुढे हे कक्ष राज्यात अन्यत्रही उभे राहिले.

पोलिसांपर्यंत न पोचणाऱ्या स्त्रियांचे काय? अशी स्त्रीही दवाखान्यात मात्र येतेच. हे ओळखून २०००मध्ये मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हा उपक्रम हाती घेतला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो बाहेरून येऊन बसलेला कक्ष न राहता रुग्णालयाचाच विभाग म्हणून वाढला. परिचारिका, डॉक्टर आणि अन्य कर्मचारी यांना प्रशिक्षण मिळाले. 'जिन्यावरून पडले', 'चुकून औषध प्यायले' या उत्तरांमागे काय दडले असू शकते, हे ते ओळखू लागले. अशा स्त्रीला एकांतात विचारणे, तिच्या जखमांची नीट नोंद ठेवणे, समुपदेशकाकडे नेणे, आणि त्या रात्री घरी परतणे धोक्याचे असेल तर रुग्णालयातच ठेवून घेणे, अशी पद्धत तिथे रुजली. केसपेपर काढण्यासाठी आलेल्या स्त्रीला 'मी तक्रार करायला आले' असे कुणाला सांगावे लागत नाही. पुढे कुर्ला आणि नंतर मुंबईतील आणखी रुग्णालयांत ही पद्धत गेली. नवी इमारत नाही, नवे खाते नाही. होती तीच माणसे एकमेकांना जोडली गेली. स्थानिक स्वराज्य संस्थेने मनावर घेतले, तर काय घडते, त्याचा हा वस्तुपाठ आहे.

मिटलेला तंटा आणि दडपलेला तंटा

ग्रामीण भागात भाभा रुग्णालय नाही. पण गाव आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटणीची, रस्त्याची वर्षानुवर्षे चाललेली भांडणे गावातच मिटावीत, हा तिचा हेतू स्वागतार्ह होता. परंतु बांधाचे भांडण आणि बायकोला झालेली मारहाण ही एका तराजूत घालता येत नाहीत. बांधाच्या वादात दोघांनी थोडे थोडे मागे सरकावे, हे ठीक. मार खाणारीने कुठवर मागे सरकायचे? 'दोघांनीही सांभाळून घ्या' असे म्हणून चावडीवर चहा झाला, की तंटा मिटल्याची नोंद होते आणि रात्री दार लागल्यावर तोच तंटा दुप्पट होऊन उभा राहतो. अधिनियमाखालील २००६च्या नियमांनी याबाबत स्पष्ट रेषा आखली आहे. समुपदेशनाच्या वेळी 'तिने असे केले म्हणून मी मारले' असे समर्थन करण्यास मुभा नाही, आणि समेट करायचा तो तिची इच्छा असेल तरच. गावातील प्रत्येक समितीच्या भिंतीवर ही दोन वाक्ये लिहावीत, इतकी ती मोलाची आहेत.

ग्रामसभेच्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे. २०११पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. उत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा आहे. आशा कार्यकर्ती प्रत्येक उंबऱ्याशी परिचित आहे. अंगणवाडी सेविकेला कोणत्या घरातले मूल अलीकडे गप्प झाले, हे ठाऊक असते. पोलीस पाटलाचा ठाण्याशी आणि बचत गटाचा प्रत्येक गल्लीशी संबंध असतो. माहिती सर्वांपाशी तुकड्यातुकड्यांनी असते. तिला एकत्र आणणारी, पण चव्हाट्यावर न नेणारी व्यवस्था तेवढी नसते.

ती उभारण्यास खर्च थोडा आणि निश्चय मोठा लागतो. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी, महिला साहाय्य क्रमांक १८१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ हे पंचायत कार्यालय, शाळा व उपकेंद्रात ठळक लावता येतात. स्त्रीने ज्या एका व्यक्तीला सांगितले, तिनेच पुढची दारे ठोठवायची, असा नियम करता येतो. जिल्ह्याच्या 'सखी' केंद्राशी आणि विधी सेवा प्राधिकरणाशी आधीच परिचय करून ठेवता येतो. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तर अनेक सरपंचांनाही माहीत नसते. दर महिन्यास आरोग्य, पोलीस आणि अंगणवाडी यांच्या प्रतिनिधींनी अर्धा तास एकत्र बसून, नावांची वाच्यता न करता, कुठे काम अडले ते पाहता येते. एका ठरावाने काय होणार, असे कुणी म्हणेल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. गावाचा शब्द मंत्रालयापर्यंत पोचतो.

कुटुंब ही समाजाची पहिली शाळा, असे अभिमानाने म्हटले जाते. त्या शाळेत आईला मार खाताना पाहणारा मुलगा काय शिकतो आणि मुलगी कोणता धडा घेते, याचा विचार त्या अभिमानातच अंतर्भूत हवा. घर मोडते ते हिंसेमुळे. तिला वाचा फुटल्यामुळे नव्हे. कुटुंबाच्या प्रतिष्ठेची चिंता ज्यांना खरोखर आहे, त्यांनीच या कामात सर्वांत पुढे असले पाहिजे. आपल्या गावाच्या, प्रभागाच्या पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारला जावा : आज रात्री एखादी भगिनी घराबाहेर पडली, तर तिने कोणते दार ठोठवायचे? ज्या सभेत या प्रश्नाचे उत्तर एका नावाने आणि एका दूरध्वनी क्रमांकाने देता येईल, तिथे काम सुरू झाले असे समजावे.