आपली लग्नपत्रिका आपल्या हाताने



तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. घरात लग्न ठरले की खर्चाची यादी होते. मांडव, वाजंत्री, जेवण, कपडे, भांडी. त्या यादीत एक ओळ असते, छापील पत्रिका. आज आम्ही त्या एका ओळीबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, पत्रिकेचा खर्च तो केवढा? मांडवापुढे तो थोडाच. खरे आहे. पण कर्ज एकदम होत नाही. थोडे इथे, थोडे तिथे असे करता करता सावकाराचे दार येते. मुलगी सासरी जाते आणि बाप हप्ते फेडत बसतो. म्हणून जिथे हात आखडता येईल तिथे आखडावा. आता आपण लिहायला शिकलो आहोत. मग पत्रिका आपणच का लिहू नये?

पूर्वी आमंत्रण कसे होई? अक्षत घेऊन घरोघर जात. आधी देवाला अक्षत, मग भाऊबंदांना, मग गावाला. छापील कागद नव्हता, म्हणून का कोणी आले नाही? आलेच की! महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाने थोड्या खर्चात साधी लग्ने लावली. ती लग्ने काही कमी पक्की नव्हती.

पत्रिकेचे काम पाच गोष्टी सांगण्याचे. कोणाचे लग्न, कोणाशी, कधी, कुठे आणि बोलावतो कोण. एवढे नीट सांगितले की पत्रिका झाली.

आता कामाला लागू.

पहिले काम यादीचे. घरटी एक पत्रिका धरा. माणसागणिक नको. गावातल्या लोकांना घरी जाऊन अक्षत द्या. पत्रिका परगावच्यांसाठी. समजा, अशी ८० घरे निघाली. झेरॉक्सचा एक कागद मधोमध कापला की दोन पत्रिका होतात. म्हणजे ४० कागद लागले. चुकतील म्हणून ५ जास्त घ्या. रिमात ५०० कागद असतात. अख्खे रीम कशाला? दुकानात सुटे ४५ कागद मागा.

दुसरे काम मजकुराचे. तो आधी कच्च्या कागदावर लिहा. असा लिहिता येईल:

॥ श्री ॥
श्री. ............ यांस सप्रेम नमस्कार.
आमची मुलगी चि. सौ. कां. ............ आणि ............ गावचे श्री. ............ व सौ. ............ यांचे चिरंजीव चि. ............ यांचा विवाह करण्याचे ठरविले आहे.
वार ............, दिनांक ............, वेळ ............
स्थळ ............
आपण सहकुटुंब येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती. कृपया आहेर आणू नये.
आपले नम्र,
(आईचे नाव) (वडिलांचे नाव)

'चि.' म्हणजे चिरंजीव. पुष्कळ जगो, असा त्याचा अर्थ. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मुलीच्या आईचे नाव गाळू नका. तिने मुलीला वाढविले आहे.

लिहून झाले की कॅलेंडर काढा. वार आणि तारीख जुळते का ते पाहा. वेळ सकाळची की संध्याकाळची, ते लिहा. एस.टी.ने येणाऱ्यांनी कोणत्या फाट्यावर उतरावे, तेही लिहा. मग घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक कानाला लगेच कळते.

तिसरे काम पक्क्या लिखाणाचे. याला दोन वाटा आहेत. घरात लिहिणारी चार माणसे असली आणि प्रत्येकाने रोज पाच पत्रिका लिहिल्या, तर चार दिवसांत ८० होतात. वेळ नसेल तर एका कागदावर तोच मजकूर दोनदा सुवाच्य लिहा आणि त्याच्या ४० झेरॉक्स काढा. लिहिताना शाई काळी घ्या. फिकट निळी शाई नीट उमटत नाही. चारी बाजूंनी बोटभर जागा कोरी सोडा. नाहीतर कडेची अक्षरे कापली जातात. पाहुण्याचे नाव मात्र प्रत्येक पत्रिकेवर हातानेच घाला.

चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावा. वाळू द्या आणि मग घडी घाला. पाकीट विकत घ्यायला नको. उरलेल्या कागदाचे करा. चमचाभर मैदा अर्ध्या वाटी पाण्यात शिजविला की चिकटवायला खळ होते. टपालाने धाडणार असाल तर पत्त्यात सहा आकड्यांचा पिनकोड घाला. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना मोबाईलवर पत्रिकेचा फोटो पाठविला तरी चालेल. दोन पत्रिका मात्र घरात जपून ठेवा. विवाहाची नोंदणी करताना पत्रिका मागतात. म्हणून नावे दाखल्यावर आहेत तशीच लिहा.

एक गोष्ट विसरू नका. पत्रिकेवर तारीख घालण्याआधी दोघांचे जन्मदाखले पाहा. मुलीला १८ वर्षे आणि मुलाला २१ वर्षे पुरी झालेली हवीत. तसा कायदाच आहे. एक दिवस कमी असला तरी थांबावे.

कोणी म्हणेल, "व्याही काय म्हणतील? भावकीत हसे होईल." व्याह्यांशी साखरपुड्याच्या बैठकीतच बोलून घ्या. "दोन्ही घरची पत्रिका एकच करू, हाताने लिहू," असे सांगा. समजूतदार माणूस ऐकतो. पत्रिकेसाठी रुसणारे व्याही असतील, तर ते आधी कळलेले बरे. राहिली भावकी. ती दोन दिवस बोलते. कर्जाचे हप्ते भरायला कोणी येत नाही.

आणि असे पाहा. कालपर्यंत आपण कागदावर अंगठा उठवीत होतो. उद्या आपल्याच लेकीच्या पत्रिकेवर आपल्या हाताने आपले नाव लिहू. छापखान्याची सोनेरी अक्षरे त्याची बरोबरी करणार नाहीत. वाचलेले पैसे मुलीच्या नावाने पोस्टात ठेवा. अडीनडीला तिला उपयोगी पडतील.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक कोरा कागद आणि काळे पेन आणावे. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांची पत्रिका आपण सगळे मिळून लिहू.