सायकल बंद करू नका, रस्त्यावरची जागा शिकवा

आम्ही कळसाडीच्या बाया आज सायकलीबद्दल बोलणार आहोत. मानव विकास कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल आली की एसटीची वाट बघत बसावं लागत नाही. पण एखादी मुलगी रस्त्यावर पडली की घरात लगेच ठरतं, "उद्यापासून सायकल बंद." मग हळूहळू शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून आमचं सांगणं आहे, सायकल बंद करू नका. मुलीला रस्त्यावरची तिची जागा शिकवा.

आपण मुलींना सांगतो, "अगदी कडेकडेने जा." हे अर्धंच बरोबर आहे. डावी बाजू धरायचीच. पायी चालताना उजवीकडून चालावं, म्हणजे समोरची गाडी दिसते. सायकल मात्र डावीकडूनच, गाड्या जातात त्याच दिशेने चालवावी.

पण डांबराच्या काठाला चिकटून नको. काठ तुटलेला असतो, साईडपट्टी खोल गेलेली असते. चाक खाली उतरलं की मुलगी घाईने ते वर चढवायला बघते. चाक काठाला घासतं आणि ती आतल्या बाजूला, मागच्या गाडीसमोर पडते. शिवाय सायकल अगदी कडेला असली की ड्रायव्हरला वाटतं, जागा आहे, काढू गाडी. म्हणून काठापासून साधारण २ फूट आत, सरळ रेषेत चालवावी. ती लांबून दिसते आणि खड्डा चुकवायलाही जागा राहते.

रस्ता अरुंद असेल आणि मागून मोठी गाडी हॉर्न देत असेल, तर घाबरून हँडल वळवू नये. वेग कमी करावा, मागे बघावं, थांबून खाली उतरावं आणि गाडी जाऊ द्यावी. यात कमीपणा नाही.

आपल्या भागात अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर मोठ्या गाड्या असतात. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर येतात. ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली वळणाच्या आतल्या बाजूला सरकत येते. म्हणून ट्रॅक्टर डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये, मागेच थांबावं. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसापासूनही लांब राहावं. उभ्या एसटीच्या डावीकडून जाऊ नये, तिथे माणसं उतरत असतात.

उजवीकडे वळायचं असेल तर आधी मागे बघावं, मग हात दाखवावा, मगच वळावं. गर्दी असेल तर उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. मैत्रिणी सोबत असल्या तरी एकीमागे एक चालवावी. ओढणी बांधून घ्यावी, चाकात अडकते. संध्याकाळी उशीर होत असेल तर मागे लाल, पुढे पांढरा रिफ्लेक्टर हवाच. तो तुटला असेल तर रेडियमची पट्टी लावा.

आता आपल्या गटाचं काम. एका रविवारी शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारा. तिला रस्त्याचा काठ समजून मुलींना २ फूट आतून चालवायला लावा. हँडल न हलवता मागे बघायचा सराव घ्या. ब्रेक तपासा, सीट उंच असेल तर खाली करा. गावातल्या ट्रॅक्टरवाल्या भावांना ट्रॉलीच्या मागे रेडियम लावायला सांगा. ग्रामसभेत साईडपट्टी भरून देण्याचा ठराव मांडा.

आणि कुणाला अपघात झालेला दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. तेव्हा घाबरून लांब उभ्या राहू नका.

रस्ता मोठ्या गाड्यांचा आहे तितकाच आपल्या पोरींचाही आहे. त्यांना तिथे नीट चालवता आलं, तर शाळाही चालू राहील.