सामायिक संगणक आणि त्याची वही

(शिक्षक व लेखकांच्या कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नव्हे, मराठीचा शिक्षक आहे. आमच्या अभ्यासगटाने ओव्यांची ध्वनिमुद्रणे लिहून काढण्यासाठी आणि जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींवरून मजकूर मिळवण्यासाठी दोन ताकदवान संगणक घेतले. ते वापरात कसे आले आणि मध्ये काय काय चुकले, तेवढेच सांगणार आहे.

गटाला स्वतःचे कार्यालय नाही. पणजीतल्या एका सामायिक कार्यालयात आम्ही महिन्याच्या भाड्याने दोन टेबले घेतली. तिथे कुणाची जागा ठरलेली नसते. आला तो रिकाम्या टेबलाशी बसतो. सभासद मात्र डिचोली, सत्तरी, काणकोणपासून थेट खानापूर-बेळगावपर्यंत विखुरलेले. पहिले सहा महिने संगणक टेबलांवरच होते. वापरणारे कोण, तर पणजीत राहणारे तिघे, आणि तेही पत्रे टंकायला. ज्या बाईंनी सत्तरीतल्या घराघरांत जाऊन ओव्या मुद्रित केल्या, त्यांना दोन बस बदलून यावे लागे, आणि आल्यावर टेबल अडलेले असे. सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू जवळच्यांचीच होऊन बसली होती.

हे यंत्र लागते कशाला, तेही सांगतो. ध्वनिमुद्रणाचा मजकूर करणारी ‘व्हिस्पर’ ही प्रणाली २०२२ साली सर्वांसाठी खुली झाली. तिला मराठी येते. पण तिचे मोठे रूप चालवायला ग्राफिक्स कार्डावर सुमारे १० जीबी स्मृती लागते. घरच्या साध्या लॅपटॉपवर ते काम फार रेंगाळते. छापील पानावरची अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’ कार्डाशिवायही चालते, पण शेकडो पाने घातली की लॅपटॉप तापतो आणि दिवसभर दुसरे काही करू देत नाही. आता खरे सांगायचे तर प्रमाण मराठी ही प्रणाली बऱ्यापैकी लिहिते, बोली आली की अडखळते. ओव्यांची प्रत्येक ओळ हातानेच दुरुस्त करावी लागते. तरी कोऱ्या पानापासून सुरुवात करण्यापेक्षा ते बरे.

मोठे यंत्र वाटून वापरणे आपल्याला नवे नाही. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांचे संशोधकही छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे जात. पुढे प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आला आणि वाटून वापरायची सवय आपण विसरलो.

तेव्हा आम्ही यंत्र आणि खुर्ची यांची फारकत केली. दोन्ही संगणक कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात ठेवले. जाळीचे अशासाठी की बंद लाकडी कपाटात ते तापतात. वायफाय काढून तारेची जोडणी दिली. जूनमध्ये आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्ही जाणताच. म्हणून यूपीएस बसवला, आणि वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू होईल अशी बायॉसमध्ये सोय केली. ही एक सोय नसती तर दर वादळानंतर कुणालातरी पणजी गाठावी लागली असती.

विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत दुसऱ्या संगणकावरून शिरता येत नाही, ‘प्रो’ लागते. हे आम्हाला खरेदीनंतर कळले. ‘प्रो’मध्येही एका वेळी एकच जण काम करू शकतो, दुसरा शिरला की पहिला बाहेर. म्हणून एका यंत्रावर लिनक्स घातले. त्यावर चौघे एकदम काम करू शकतात, फक्त कार्डाची स्मृती वाटून घ्यावी लागते. आणि कृपा करून हे दूरस्थ प्रवेशाचे दार इंटरनेटवर उघडे टाकू नका. संकेतशब्द ओळखून पाहणारे प्रोग्रॅम दिवसरात्र अशी दारे ठोठावत असतात. आम्ही व्हीपीएनमधूनच आत जातो.

आपल्या लोकांना खरा त्रास झाला तो टंकताना. घरच्या लॅपटॉपवर मराठी कळफलक निवडलेला, तरी दूरच्या पडद्यावर उमटते इंग्रजी अक्षर! एका ज्येष्ठ लेखकांनी तेवढ्यावरून हे सारे सोडून द्यायचे ठरवले होते. उपाय सोपा निघाला. इन्स्क्रिप्ट दूरच्या यंत्रावर बसवायचा, तिथेच निवडायचा आणि घरचा कळफलक इंग्रजीवर ठेवायचा. प्रत्येकाला याचा कागद छापून दिला. मेलने पाठवला असता तर कुणी वाचला नसता.

सगळ्यात मोठे नुकसान झाले ते चांगुलपणामुळे. सत्तरीच्या बाईंनी रात्रभरासाठी अकरा मुद्रणे लावून ठेवली होती. संध्याकाळी कार्यालयातून शेवटी निघालेल्या कुणीतरी दिवा चालू दिसला म्हणून यंत्र बंद केले. वीज वाचवली बिचाऱ्याने. मजकूर शेवटी एकदम साठवायची आमची रीत होती, त्यामुळे झालेलेही गेले. बाई फोनवर काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “सर, परत लावते.” त्यानंतर आम्ही कपाटाला कुलूप लावले, ‘शट डाउन’ हा पर्याय सभासदांच्या पडद्यावरून काढला आणि एकेक मुद्रण संपताच मजकूर साठवायला सुरुवात केली.

पूर्वी सगळ्यांचा संकेतशब्द एकच होता, पडद्याच्या कडेला चिकटवलेला. आता प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. ओव्या गाणाऱ्या बायकांनी मध्येच सासरच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. त्या बाईंवर विश्वास ठेवून सांगितलेल्या असतात, आम्हा बाराजणांवर नव्हे.

राहिली वही. वेळ नोंदवायला आधी संगणकावरच तक्ता केला होता, पण ज्याला तो उघडता येई त्यालाच वेळ मिळे. आता कार्यालयात कागदी वही आहे. सकाळी दहा ते अकरा फोन केला की तिथला मुलगा नाव लिहितो. एका नावावर आठवड्यात दोनच रात्री, आणि दूरच्यांना आधी. यावर पणजीकरांची कुरकुर अजून चालू आहे. चालू दे.

चवथीच्या आठवड्यात सगळ्या रात्री रिकाम्या आहेत. घरात मुद्रणे पडून असतील त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्यावे, मी वहीत घालतो.