द्रव्य कशास म्हणावे?



‘जे जागा व्यापते व ज्यास वस्तुमान असते ते द्रव्य’ ही व्याख्या मुले लवकर पाठ करतात. परंतु ‘वारा द्रव्य आहे की नाही?’ असे विचारताच वर्ग गप्प होतो. कित्येकांस ‘द्रव्य’ म्हणजे पातळ पदार्थ वाटतो, कारण ‘द्रव’ हा शब्द त्याच्या शेजारचाच. कोणास द्रव्य म्हणजे पैसा वाटतो. म्हणून आरंभी शब्द स्पष्ट करावा व नंतर उदाहरणे गावातलीच घ्यावीत.

कौंडण्यपूरच्या मुलांना वर्धा नदीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. नदीचे पाणी घागरीत भरता येते, तराजूत तोलता येते. ते द्रव्य होय. काठावरची शिळा स्थायू, पाणी द्रव आणि वाहता वारा वायू. ही तिन्ही द्रव्याचीच रूपे. पण पावसाळ्यात पूर आला की तेच पाणी झाडे उन्मळून नेते. संथ पाणी असो वा पुराचे, तेवढ्याच पाण्याचे वजन तेवढेच. भेद आहे तो वेगामुळे आलेल्या सामर्थ्याचा. कार्य करण्याच्या या सामर्थ्यास ऊर्जा म्हणतात. नदीच्या वरच्या अंगास सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. तेथे अडवलेले पाणी स्थिर दिसते, तरी दरवाजे उघडताच ते वेगाने धावते. उंचीमुळे त्यात ऊर्जा साठलेली असते.

हवा द्रव्य आहे हे मात्र करून दाखवावे लागते. पेल्याच्या तळाशी कोरडा कागद घट्ट बसवावा व पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबावा. कागद कोरडाच राहतो, कारण आतली जागा हवेने व्यापलेली असते. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे 1.2 ग्रॅम भरते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत सुमारे शंभर किलोग्रॅम हवा असते, हे ऐकून मुले चकित होतील.

ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती नाही. वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू घटतो व कर्बद्विप्राणिल वायू साचतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी बसतो. वर्षानुवर्षे न उपसलेल्या विहिरीतही असा दूषित वायू असू शकतो. ‘आत काहीच नाही’ असे समजून उतरणारा माणूस प्राणास मुकतो आणि त्यास काढण्यास धावलेला दुसराही. सोडलेला कंदील विझला तर मुळीच उतरू नये. जळत राहिला तरी निर्धास्त होऊ नये. जे दिसत नाही तेही द्रव्य असू शकते, हे ज्या मुलास पटले ते मूल घरच्या माणसांस वेळीच थांबवील.

याउलट, जे दिसते ते सर्व द्रव्य नव्हे. सावली दिसते, पण ती केवळ प्रकाशाचा अभाव आहे. प्रकाश, उष्णता व ध्वनी ही ऊर्जेची रूपे होत. लोहाराने तापवून लाल केलेला फाळ थंड फाळापेक्षा जड भरत नाही. पऱ्हाटी जळते तेव्हा द्रव्य नष्ट होत नाही; ते राख, धूर व वायू यांत जाते आणि पऱ्हाटीत साठलेली ऊर्जा उष्णता व प्रकाश होऊन प्रकटते.

वैशेषिक दर्शनात नऊ द्रव्ये मानली असून त्यांत तेजाचाही समावेश आहे. आजचे विज्ञान तेजास द्रव्यात धरीत नाही. शब्द एक, अर्थ भिन्न. तथापि 1905 साली आइन्स्टाइनने वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते दाखवून दिले. सूर्याचे वस्तुमान दर सेकंदास चाळीस लाख टनांहून अधिक घटते व तेवढी ऊर्जा बाहेर पडते. तापलेल्या फाळाचे वस्तुमानही वाढते, पण इतके अत्यल्प की कोणत्याही तराजूस ते कळणार नाही. प्राथमिक वर्गात हे शिकवण्याची आवश्यकता नाही. शिक्षकास मात्र ते ठाऊक असावे.

व्याख्या शेवटी सांगावी. आधी फळ्यावर दगड, धूर, सावली, वाफ, ऊन, आवाज व तेल ही नावे लिहावीत आणि प्रत्येकाविषयी दोनच प्रश्न विचारावेत : हे जागा व्यापते काय? यास वस्तुमान आहे काय? उत्तर चुकले तरी मुलास त्याचे कारण सांगू द्यावे. विचारास तेथूनच आरंभ होतो.